ड्युरँटला कुणीही पाडलं नव्हतं
माझा भाचा चौदा वर्षांचा आहे, शाळेच्या बास्केटबॉल संघात पॉइंट गार्ड (चेंडू पुढे नेऊन खेळ रचणारा) खेळतो. परवा फोनवर म्हणाला, "मामा, रॅप्टर्स फसवून जिंकले होते ना?" मित्रांच्या ग्रुपवर फिरणारी क्लिप त्याने मला पाठवली. तिच्या म्हणण्यानुसार टोरांटो रॅप्टर्सचं एनबीए या उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचं 2019चं विजेतेपद खोटं. गोल्डन स्टेट वॉरियर्सच्या केविन ड्युरँटला त्यांनी मुद्दाम जायबंदी केलं, वॉरियर्स अर्धमेले होते म्हणून निभावलं आणि रॅप्टर्स म्हणजे एकटा त्यांचा स्टार कवाय लेनर्ड.

पहिला आरोप पोरांच्या डोक्यात भरवणाऱ्यांचा मला खरोखर संताप येतो. फायनल म्हणजे सात सामन्यांपर्यंत चालणारी मालिका; तिचा पाचवा सामना, 10 जून 2019, दुसरा क्वार्टर, म्हणजे सामन्याचा दुसरा पाव भाग. कापलेली क्लिप नको, सामन्याचं सलग चित्रण बघा. ड्युरँटच्या पुढ्यात रॅप्टर्सचा सर्ज इबाका. ड्युरँट ड्रिबल करत दिशा बदलायला जातो, थबकतो, खाली बसतो आणि उजवी पोटरी चाचपतो. ना धक्का, ना आडवा पाय. ती पोटरी महिनाभर आधी, ह्यूस्टनविरुद्धच्या सामन्यातच दुखावली होती. त्या रात्री वॉरियर्सचे तेव्हाचे व्यवस्थापक बॉब मायर्स डोळ्यांत पाणी आणून म्हणाले की, दोष द्यायचाच असेल तर मला द्या. ज्यांचा खेळाडू गेला त्यांनी टोरांटोकडे बोट दाखवलं नाही, मग हे क्लिपवाले कोण?

टोरांटोच्या प्रेक्षकांतल्या काहींनी तेव्हा जल्लोष केला, हे मात्र खरं. लाजिरवाणं होतं ते. पण रॅप्टर्सचेच काइल लाउरी आणि इबाका हात वर करून त्यांना गप्प करत होते. क्लिप नेमकी त्याच्या आधी संपते.

अर्धमेले वॉरियर्स? ड्युरँट धडधाकट असता तर निकाल वेगळा लागलाही असता, एवढं मी मान्य करतो. पण त्याच्याशिवाय याच वॉरियर्सनी आधीच्या फेरीत पोर्टलँडला 4-0 लोळवलं, तेव्हा कुणाला ते अर्धमेले दिसले नाहीत. वॉरियर्सचा दुसरा मोठा खेळाडू क्ले थॉम्पसन फायनलचा चौथा सामना खेळला, 28 गुण केले, तरी रॅप्टर्स 105-92 जिंकले, तेही वॉरियर्सच्या घरी, कॅलिफोर्नियातल्या ऑकलंडमध्ये. तिथले तिन्ही सामने त्यांनी जिंकले.

आणि "एकटा लेनर्ड"! साखळी फेरीत लेनर्ड 22 सामने खेळलाच नाही, त्यांतले 17 रॅप्टर्स जिंकले. फायनलच्या पहिल्या सामन्यात पास्कल सियाकमचे 32 गुण होते. सहाव्यात फ्रेड व्हॅनव्हलीटने 22 केले, त्यांतले 12 शेवटच्या क्वार्टरमध्ये. जेमतेम सहा फुटांचा हा गार्ड. 2016च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात तेव्हा, त्याला एकाही संघाने घेतलं नव्हतं.

सहाव्या सामन्याचा तो शेवटचा क्वार्टर मी भाच्याला पाठवलाय. उंची कमी म्हणून सध्या तोही बाकावरच बसतो.