जवळीक म्हणजे गोडवा नव्हे

मानसोपचारात थेरपिस्ट (मानसोपचार करणारा) आणि क्लायंट (उपचार घेणारा) यांच्यातलं नातं महत्त्वाचं असतं, या माझ्या म्हणण्यावरची तुमची प्रतिक्रिया रोखठोक आहे, त्यामुळे उत्तर देणं सोपं जातं. तुमचा आक्षेप असा: थेरपिस्ट पैसे घेऊन ऐकतो, मग त्याची आपुलकी खरी कशी? माणूस बरा होतो तो तंत्रामुळे. नात्याचं कौतुक केलं की क्लायंट परावलंबी होतो.

पैशाचं आधी. फी वेळेची आणि कौशल्याची असते. तिचा एक फायदा सहसा लक्षात येत नाही: क्लायंटवर परतफेडीचं ओझं राहत नाही. मित्राजवळ मन मोकळं केलं की त्याचंही ऐकावं लागतं, त्याला काय वाटेल हे जपावं लागतं. इथे ते नाही, म्हणून इतरत्र न बोललेलं इथे बोलता येतं.

'तंत्र की नातं' ही विभागणी मात्र मला मान्य नाही. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड बोर्डिन यांनी १९७९ मध्ये या नात्याचे तीन भाग सांगितले: कुठे पोचायचं यावर एकमत, त्यासाठी काय करायचं यावर एकमत आणि परस्परांतला विश्वास. तिनातले दोन भाग चक्क कामाचे आहेत. पॅनिक अटॅकचं, म्हणजे अचानक येणाऱ्या तीव्र भीतीच्या झटक्याचं उदाहरण घ्या. क्लायंटला हवं असतं, 'धडधड पुन्हा कधीच होऊ नये.' थेरपिस्टच्या डोक्यात असतं, 'धडधड झाली तरी घाबरू नये.' हा फरक न बोलता जिने भरभर चढून मुद्दाम धडधड वाढवण्याचा गृहपाठ दिला, तर तो होत नाही, आणि नोंदवहीत 'क्लायंट सहकार्य करत नाही' असा शेरा पडतो. तंत्र बरोबर होतं, ते कशासाठी हे ठरलंच नव्हतं. म्हणून पहिल्या दोन-तीन सेशनमध्ये विचारायचं: त्रास कमी झाला तर रोजच्या दिवसात काय वेगळं दिसेल? उत्तर क्लायंटच्याच शब्दांत लिहून घ्यायचं, आणि प्रत्येक गृहपाठ देताना 'यात अडचण कुठे येईल?' हेही विचारायचं.

आकडे हवेत म्हणता, तर २०१८ च्या एका मोठ्या मेटा-विश्लेषणात (अनेक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून केलेल्या विश्लेषणात) २९५ अभ्यास होते. नात्याची गुणवत्ता आणि उपचाराचा परिणाम यांतला सहसंबंध (दोन गोष्टी किती सोबत बदलतात याचं माप; ० म्हणजे संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण) साधारण ०.२८ निघाला, म्हणजे परिणामांतल्या फरकाचा जेमतेम ८ टक्के भाग. हा आकडा फुगवून सांगणाऱ्यांवर तुमचा राग असेल तर तो रास्त आहे. सहसंबंधावरून कारण सिद्ध होत नाही, हेही खरं. बरं वाटू लागलेला माणूस थेरपिस्टला चांगले गुण देणारच. पण हा संबंध वेगवेगळ्या पद्धतींमध्ये पुन्हा पुन्हा दिसतो, त्यामुळे तो झटकून टाकता येत नाही.

खरं कौशल्य लागतं ते नातं बिघडतं तेव्हा. जेरेमी सॅफ्रन आणि ख्रिस्तोफर म्युरन या मानसशास्त्रज्ञांनी या बिघाडाचे दोन प्रकार सांगितले. क्लायंट भांडतो, हा एक; तो निदान दिसतो तरी. दुसऱ्यात तो मागे सरतो: 'हो, बरोबर' एवढंच म्हणतो, विषय बदलतो, स्वतःऐवजी दुसऱ्यांच्याच गोष्टी सांगतो. अशा वेळी नेहमीची चूक म्हणजे तेच तंत्र आणखी जोर लावून समजावणं. थांबावं. दिसलं ते अंदाज म्हणून मांडावं: 'मी गृहपाठाचं बोललो आणि तुम्ही गप्प झालात असं वाटलं. माझं काही खटकलं का?' मग गप्प बसावं आणि उत्तर आल्यावर सफाई देऊ नये. घाईघाईने माफीही मागू नये, नाहीतर क्लायंटच थेरपिस्टची समजूत काढत बसतो!

बरेच क्लायंट तोंडावर तक्रार करत नाहीत. त्यासाठी सेशन कसं वाटलं हे विचारणारी चार प्रश्नांची एक छोटी मोजपट्टी वापरतात: दहा-दहा सेंटिमीटरच्या चार रेघा, एकूण गुण ४०. सेशनच्या शेवटच्या चार-पाच मिनिटांत भरून घ्यायची. ३६ च्या खाली गुण आले तर तिथल्या तिथे विचारायचं. पहिल्याच दिवशी पूर्ण ४० मिळाले तर हुरळून जाऊ नये. तो बहुधा भिडस्तपणा असतो.

परावलंबनाचा धोका तुम्ही बरोबर ओळखलात. त्याची चिन्हं थेरपिस्टच्या वागण्यातही दिसतात: एकाच क्लायंटचं सेशन दर वेळी लांबणं, रात्रीच्या मेसेजना उत्तरं देणं, त्याचे निर्णय आपणच घेणं. म्हणून वेळ, मेसेजचे नियम आणि तातडीच्या प्रसंगी कोणाला फोन करायचा हे पहिल्याच भेटीत ठरवतात, आणि समारोपाचं बोलणं शेवटच्या भेटीच्या कित्येक आठवडे आधी सुरू करतात. मर्यादा सुटतेय असं वाटलं तर सुपरव्हिजनमध्ये, म्हणजे अनुभवी थेरपिस्टच्या मार्गदर्शनात, ती केस मांडतात.

आणि एका ठिकाणी तुमचं म्हणणं मला पूर्ण पटतं. ओसीडीमध्ये (नको असलेले विचार आणि त्यापायी तीच कृती पुन्हा पुन्हा करण्याची सक्ती वाटणारा आजार) क्लायंट पुन्हा पुन्हा विचारतो, 'काही वाईट होणार नाही ना?' प्रेमळ थेरपिस्ट दर वेळी धीर देतो, क्षणभर बरं वाटतं आणि विचारण्याची सक्ती आणखी घट्ट होते. तिथे भीतीला सामोरं जाऊन ती कृती रोखण्याचंच तंत्र लागतं. मात्र धीर देणं का थांबवतोय, हे आधी दोघांनी मिळून ठरवलेलं असावं. नाहीतर क्लायंटला तो तुटकपणा वाटतो आणि तो पुढच्या सेशनला येतच नाही.