सिलिंडरातली हवा

उपकरणांचे कॅलिब्रेशन करणे हा माझा अनेक वर्षांचा पेशा आहे. त्यामुळे वातावरणातील कार्बन डायऑक्साइडने नवा उच्चांक गाठल्याची बातमी आली की इतरांना त्या आकड्याची काळजी वाटते आणि मला मात्र आधी धंद्यातली शंका येते, की हा आकडा कशाशी ताडून पाहिला आहे? त्या शंकेपायी मी हरितगृह वायूंच्या मोजणीविषयी बरेच वाचले आणि एका ठाम मतापर्यंत आलो. या शास्त्रातले सर्वांत मोलाचे आणि सर्वांत कमी कौतुक झालेले काम म्हणजे संदर्भवायूचे, म्हणजे घटकांचे नेमके प्रमाण माहीत असलेल्या हवेचे, सिलिंडर सांभाळणे आणि तीच मोजणी त्याच पद्धतीने दशकानुदशके, खंड न पडू देता करत राहणे.

जागतिक हवामान संघटनेने २०२४ सालासाठी दिलेली कार्बन डायऑक्साइडची जागतिक सरासरी ४२३.९ पीपीएम आहे, म्हणजे कोरड्या हवेच्या दहा लाख रेणूंत या वायूचे सुमारे ४२४ रेणू. यातला ‘कोरड्या’ हा शब्द उगाच आलेला नाही. हवेतले बाष्प वाढले की बाकी सगळ्या वायूंचा वाटा तेवढ्यापुरता घटतो, म्हणून नमुना आधी सुकवावा तरी लागतो किंवा बाष्प मोजून ते हिशेबातून काढावे तरी लागते. २०२३ च्या तुलनेत ही सरासरी ३.५ पीपीएमने वाढली आणि आधुनिक मोजणी सुरू झाल्यापासूनची ती सर्वांत मोठी वार्षिक वाढ ठरली. आता याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा. उत्तर गोलार्धातल्या दोन केंद्रांनी एकच हवा मोजली तर त्यांच्या उत्तरांत ०.१ पीपीएमहून अधिक तफावत नसावी, असे उद्दिष्ट याच संघटनेने ठरवलेले आहे. चार हजारांत एक इतकी ही सूट आहे. इतका काटेकोरपणा हवा, कारण कोणत्या प्रदेशातून किती वायू बाहेर पडला हे केंद्राकेंद्रांतल्या फरकांवरूनच काढायचे असते आणि वाऱ्यात मिसळत गेलेल्या हवेत हे फरक फार लहान उरतात.

या शिस्तीची सुरुवात अमेरिकी शास्त्रज्ञ चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांच्यापासून होते. १९५० च्या दशकाच्या मध्यावर कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक या संस्थेत संशोधन करताना त्यांना नैसर्गिक पाण्यातले कार्बोनेट आणि हवा यांचा समतोल तपासायचा होता आणि त्यासाठी हवेतला कार्बन डायऑक्साइड नेमका कळणे गरजेचे होते. त्या काळच्या रासायनिक पद्धतींची उत्तरे इतकी विखुरलेली असत की त्यातून काही ठरवणे अवघडच होते. कीलिंग यांनी स्वतःचा मॅनोमीटर, म्हणजे वायूचा दाब मोजणारे उपकरण, बांधला आणि पाच लिटरचे निर्वात काचेचे फ्लास्क घेऊन ते कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील बिग सरच्या जंगलात गेले. तिथे ते दर काही तासांनी, रात्रीसुद्धा उठून, नमुने घेत राहिले. रात्री झाडांच्या आणि मातीच्या श्वसनामुळे आकडा चढायचा, दुपारी ऊन तापले आणि हवा उंचापर्यंत घुसळली गेली की उतरायचा. पण दुपारचा आकडा जवळपास सगळीकडे तोच, सुमारे ३१० पीपीएम, येत होता. वाऱ्यागणिक बदलणाऱ्या या वायूला एक स्थिर पार्श्वभूमी आहे, हे त्यातून दिसले.

मार्च १९५८ मध्ये हवाई बेटावरील मौना लोआ या ज्वालामुखीच्या उतारावर, सुमारे ३,४०० मीटर उंचीवर, त्यांचे अवरक्त किरणांवर चालणारे उपकरण सुरू झाले आणि पहिला आकडा ३१३ पीपीएम आला. मे महिन्यापर्यंत चढायचे आणि वनस्पतींनी उन्हाळाभर वायू शोषल्यावर सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत उतरायचे, ही उत्तर गोलार्धाची लयही त्यांच्याच नोंदींतून दिसली. दरवर्षी हा उतार आदल्या वर्षीच्या पातळीला पोहोचण्याआधीच थांबतो, ही गोष्टही याच नोंदींनी दाखवली.

ज्वालामुखीवर बसून हा वायू कसला मोजता, असे विचारणारे अजूनही भेटतात आणि दर वेळी प्रश्न आपल्यालाच प्रथम सुचल्यासारखा विचारतात. ज्वालामुखीचा वायू उतारावरून रात्रीच्या वाऱ्याबरोबर येतो आणि आकड्यांत एकदम अस्थिरता आणतो, त्यामुळे तो ओळखू येतो आणि ते तास बाजूला ठेवले जातात. शिवाय दक्षिण ध्रुवावर ज्वालामुखीच्या उताराचा प्रश्नच नाही आणि तिथली नोंदही वर्षानुवर्षे चढतच गेली आहे.

माझ्या दृष्टीने कीलिंग यांचा खरा आग्रह मात्र वेगळाच, संदर्भवायूचा, होता. अवरक्त उपकरण फार संवेदनशील असते, पण ते स्वतःहून काहीच सांगत नाही. त्याला एकदा बाहेरची हवा आणि एकदा माहीत असलेली हवा आळीपाळीने द्यावी लागते. आजची लेसर उपकरणे आरशांच्या पोकळीत प्रकाश काही किलोमीटर इतक्या मार्गाने फिरवतात आणि तो विझायला लागणारा वेळ मोजतात. ती कितीतरी स्थिर आहेत, तरी सिलिंडरातून त्यांची सुटका झालेली नाही. केंद्रावरचा सिलिंडर वरच्या दर्जाच्या सिलिंडराशी ताडलेला असतो, तो आणखी वरच्याशी, आणि ही साखळी अमेरिकेतील बोल्डर इथल्या नोआच्या, म्हणजे अमेरिकी सरकारच्या महासागर व वातावरण संस्थेच्या, प्रयोगशाळेत ठेवलेल्या मोजक्या प्राथमिक सिलिंडरांपाशी संपते. तिथे कोरडी हवा ज्ञात आकारमानाच्या पात्रात भरून तिचा दाब आणि तापमान मोजतात, द्रव नायट्रोजनच्या थंडीत तिच्यातला कार्बन डायऑक्साइड गोठवून वेगळा काढतात, त्याच्यासोबत गोठणारा नायट्रस ऑक्साइड हिशेबातून वजा करतात आणि उरलेला वायू लहान पात्रात पुन्हा मोजतात. हा सगळा खटाटोप आकारमान, दाब आणि तापमान या मूलभूत मोजमापांपाशी येऊन टेकण्यासाठी असतो.

या यंत्रणेतली एक गोष्ट वाचून मला माझ्याच कामाची आठवण झाली. मॅनोमीटरमधील ओ-रिंग, म्हणजे जोड हवाबंद ठेवणारी रबरी कडी, मोजणीच्या वेळेत थोडासा कार्बन डायऑक्साइड शोषून घेते, हे तिथल्या शास्त्रज्ञांच्या लक्षात आले. त्या नुकसानीची दुरुस्ती आणि वायूच्या आदर्श वर्तनापासूनच्या विचलनाची सुधारित किंमत धरल्यावर ४०० पीपीएमच्या आसपास सुमारे ०.१८ पीपीएमचा फरक निघाला. मग ‘एक्स२०१९’ नावाची नवी मोजपट्टी तयार झाली आणि जुन्या नोंदीही तिच्यावर आणल्या गेल्या. एका ओ-रिंगपायी दशकांचे आकडे पुन्हा मांडणारी माणसे ज्या शास्त्रात आहेत, त्याच्यावर मी विश्वास ठेवतो. अशी दुरुस्ती झाली की ‘आकडे बदलले’ म्हणून गवगवा होतो, याचे मला वाईट वाटते. आपली मोजपट्टी कधीच तपासून न पाहणाऱ्याचे आकडे अर्थातच कधी बदलत नाहीत.

या चिकाटीतून काय हाती लागते, याचे माझे आवडते उदाहरण सीएफसी-११ या क्लोरोफ्लुरोकार्बन गटातल्या वायूचे आहे. हा ओझोनचा शत्रू तर आहेच, पण जबर हरितगृह वायूही आहे. जाहीर आकडेवारीनुसार त्याचे उत्पादन २०१० पर्यंत जवळजवळ थांबलेले होते. २०१८ मध्ये नोआचे स्टीफन मॉन्ट्झ्का आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की २०१२ नंतर वातावरणातली त्याची घट मंदावली आहे आणि त्याचा अर्थ कुठेतरी नवे उत्सर्जन होते आहे. पुढच्याच वर्षी दक्षिण कोरियातील गोसान आणि जपानमधील हातेरुमा या केंद्रांच्या नोंदींवरून या वाढीचा मोठा भाग पूर्व चीनमधून, मुख्यतः शानदोंग आणि हबेई प्रांतांच्या भागातून येत असल्याचे दिसले. त्यानंतर उत्सर्जन पुन्हा खाली आले. कागदावरच्या हिशेबात जे नव्हते ते हवेत सापडले, आणि सापडले ते आधीची अनेक वर्षे तोच वायू त्याच मोजपट्टीवर, काही घडत नसतानाही, मोजला जात होता म्हणून.

‘काही घडत नसतानाही’ या शब्दांपाशीच निधीचे घोडे अडते. नवा शोध लावू म्हणणाऱ्या प्रस्तावाला पैसे मिळतात आणि मागच्या वर्षी मोजले तेच यंदाही मोजू म्हणणाऱ्याला ‘हे तर नित्याचे काम’ असे उत्तर मिळते. मौना लोआच्या नोंदींत १९६४ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या महिन्यांची जागा रिकामी आहे आणि तिचे कारण निधीकपात हे आहे. २०२२ च्या अखेरीस लाव्हाने वेधशाळेचा रस्ता आणि वीज तोडली, तेव्हा शेजारच्या मौना केआवर तात्पुरती मोजणी सुरू करण्यात आली. २०२५ मध्ये मात्र अमेरिकी सरकारच्या अंदाजपत्रकी प्रस्तावात नोआचे हेच संशोधन जवळजवळ गुंडाळण्याची सूचना होती. मी स्वतः एका ठिकाणी काम करत असताना संदर्भवायूची वार्षिक तपासणी काटकसरीच्या नावाखाली बंद झाली होती. दोन वर्षांनी आकडे सरकले तेव्हा बदल हवेत झाला की उपकरणात, हे आमच्यापैकी कुणालाच सांगता येईना. वाचलेली रक्कम मला आजही आठवते आणि ती सांगायला लाज वाटते इतकी लहान होती.

आता उपग्रह आहेत, मग या सिलिंडरांची गरज काय, असा एक मुद्दा येतो. २००९ पासूनचा जपानचा गोसॅट आणि २०१४ पासूनचा नासाचा ओसीओ-२ यांनी जिथे केंद्रे नाहीत तिथली माहिती दिली, हे मोठेच काम आहे. पण उपग्रह वरून खालपर्यंतच्या हवेच्या संपूर्ण स्तंभात सूर्यप्रकाश किती शोषला गेला ते पाहतो. त्याचे उत्तर जमिनीवरच्या वर्णपटमापकांशी ताडतात, त्या वर्णपटमापकांचे उत्तर विमानातून घेतलेल्या मोजणीशी, आणि विमानातले उपकरण शेवटी सिलिंडराशी. उपग्रहाने ही साखळी आणखी लांब केली आहे.

आणि साखळीच्या अगदी टोकाला एक माणूस असतो. फ्लास्क भरायला गेलेला हा माणूस वाऱ्याकडे तोंड करून उभा राहतो आणि नमुना घेताना श्वास रोखून धरतो, कारण त्याच्या उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड सुमारे ४ टक्के, म्हणजे ४०,००० पीपीएम असतो. फ्लास्क जोडीने भरतात आणि दोन्ही फ्लास्कच्या उत्तरांत ठरलेल्या मर्यादेपलीकडे फरक आला तर ती जोडीच बाद करतात.

ऑस्ट्रेलियातील टास्मानियाच्या वायव्य टोकावर केप ग्रिम नावाचे केंद्र आहे. दक्षिण महासागरावरून येणारी स्वच्छ हवा १९७८ पासून तिथे टाक्यांत भरून जपून ठेवली जाते. २०१४ मध्ये संशोधकांनी त्यातली जुनी हवा नव्या उपकरणांत सोडली आणि तोवर वातावरणात कुणीही नोंदवले नव्हते असे चार वायू तिच्यात सापडले. त्यांतले तीन सीएफसी होते आणि एक त्यांच्याच कुळातला एचसीएफसी. त्या टाक्या भरणाऱ्यांपैकी कुणीही या वायूंच्या शोधात नव्हते.