दरवाज्याच्या आत काय भरलंय ते कागदावर लिहा!

आज परत एक कोटेशन आलं आणि परत डोकं फिरलं. "इन्सुलेटेड प्रीमियम सेक्शनल डोअर, १ नग." बास. म्हणजे आडव्या पॅनलचा, वर सरकणारा, आत उष्णता अडवणारा थर भरलेला गॅरेजचा दरवाजा. त्याखाली जीएसटी, त्याखाली ७० टक्के ॲडव्हान्स. आत काय भरलंय, किती एमएम भरलंय, डेन्सिटी (घनता) किती, एक अक्षर नाही. आकडा मात्र लाखाच्या वर. पंखा घेताना वॉट लिहून मिळतात, गादी घेताना फोमची डेन्सिटी लिहून मिळते, आणि एवढ्या किमतीच्या गॅरेजच्या दरवाज्याला नुसतं "प्रीमियम"!

आमचं गॅरेज पश्चिमेला तोंड करून आहे. पुण्यात बावधनमधे ज्यांची घरं अशी आहेत त्यांना एप्रिलमधली दुपार मी काय सांगणार. अर्ध्या भागात गाडी, अर्ध्या भागात माझं गोधड्यांचं काम, शिवायला दोन ताई येतात, आणि ते एकेरी पत्र्याचं रोलिंग शटर दुपारी तीनला तव्यासारखं तापलेलं असतं. वरती सासूबाईंची खोली. रात्री जेवणं झाली तरी त्यांच्या पायाखालची फरशी कोमट लागते. त्यामुळे मला हा दरवाजा शोभेसाठी नकोय. मला ऊन बाहेर ठेवणारा दरवाजा हवाय, आणि तेवढं एक सोडून बाकी सगळं मला विकायला लोक तयार आहेत.

आता आज घरी आलेला माणूस. आल्या आल्या पहिला प्रश्न, "साहेब आहेत का?" साहेब ऑफिसला आहेत, दरवाजा मी घेतेय, बोला. तरी पुढचं वाक्य "मॅडम तुम्ही कलर सिलेक्ट करून ठेवा, टेक्निकल मी सरांशी फोनवर बोलतो." टेक्निकल! अहो त्या गॅरेजमधे दिवसभर मी बसते, सर सकाळी गाडी काढतात आणि रात्री लावतात. मी म्हटलं पॅनल किती जाडीचं? म्हणे ४० एमएम. आत काय? म्हणे पफ, म्हणजे पॉलियुरेथेन फोम. मग बोट ठेवून कॅटलॉग दाखवला, मोठ्या अक्षरात आर व्हॅल्यू १८. आर व्हॅल्यू म्हणजे उष्णता किती अडते त्याचा आकडा, जास्त तेवढा चांगला. मी म्हटलं, थांबा. ४० एमएम म्हणजे दीड इंचाच्या जरासं वर. चांगल्या पफला इंचामागे ६ ते ७ मिळतो. म्हणजे सगळं उत्तम धरलं तरी १० च्या आसपास. १८ आला कुठून? तर माणूस शांतपणे म्हणतो, "कंपनीने छापलंय म्हणजे असणारच ना मॅडम." आणि तो आकडासुद्धा पॅनलच्या मधोमधचा धरतात, पॅनलचे जोड, कडा, चौकट, खालची फट धरून अख्ख्या बसवलेल्या दरवाज्याचा नाही. मला अख्ख्या दरवाज्याची यू व्हॅल्यू, म्हणजे त्यातून उष्णता किती आत येते तो आकडा, हवी होती. हे विचारल्यावर त्याने जे केलं त्याचा मला सगळ्यात जास्त राग आलाय, तो हसला. "एसी लावून घ्या ना मॅडम, सोपं पडेल."

मग सॅम्पल. हातभर तुकडा, चारी बाजूंनी चकचकीत ॲल्युमिनियम टेप मारलेली. मी म्हटलं टेप काढा, आत बघू दे. "सॅम्पल खराब होतं." अरे मग सॅम्पल कशासाठी आणता? मी माझी कात्री घेतली आणि एका बाजूची टेप कापली. आत पांढरं थर्माकोल! दाणे सुटे होत होते, पत्र्याला नीट चिकटलेलं सुद्धा नव्हतं, मधे नख जाईल एवढी फट. पफ पत्र्यांच्या मधे फुगवून भरतात, ते दोन्ही बाजूंना घट्ट धरून बसतं, रंगाने पिवळसर असतं, आणि पॅनलचा कडकपणाच त्याच्यामुळे येतो. डेन्सिटी साधारण ४० किलो प्रति घनमीटर लागते. थर्माकोलला इंचामागे जेमतेम ४ मिळतो. मी तुकडा त्याच्यासमोर धरला तर म्हणतो, "ते पण इन्सुलेशनच आहे मॅडम." थर्माकोल विका, स्वस्तात विका, माझी हरकत नाही, ज्याला परवडतं तो घेईल. पण पफ म्हणून पफच्या भावाने विकायचं, वर टेप मारायची आणि कात्री लावली की तोंड वाकडं करायचं, ह्याला मी फसवणूकच म्हणणार.

आणि हे फक्त दरवाजेवाल्यांचं नाही. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगवाल्याने १० वर्षांची गॅरंटी दिली होती, पहिल्याच जोरदार पावसात जिन्यात पाणी आणि ह्याचा फोन बंद. स्लायडिंग खिडक्यांवाल्याने खालच्या ट्रॅकला पाणी जायची भोकंच ठेवली नाहीत, जुलैमधे आत तळं. घर बांधणाऱ्या कॉन्ट्रॅक्टरने गॅरेजच्या तोंडाशी बीम इतका खाली घेतलाय की वरती दरवाज्याचं वजन तोलणाऱ्या स्प्रिंगच्या शाफ्टला आणि ट्रॅकला जागा द्यायची म्हणजे प्रत्येक फिटर टेप लावून मान हलवतो. तेव्हा विचारलं होतं, "वरती जागा पुरेल ना?" तर उत्तर काय, "सगळे असंच करतात ताई." सगळे असंच करतात हे वाक्य ऐकलं की माझ्या कानशिलाच्या शिरा तटतटतात.

खालच्या रबराचंही तेच. आमच्या गॅरेजची फरशी बाहेरच्या बाजूला उताराची आहे, आणि एका कोपऱ्यात बोटभर खाली गेलीय. दरवाजा कितीही भारी घ्या, त्या कोपऱ्यातून गरम वारा, धूळ, पावसाचे शिंतोडे, उंदीर सगळं आत येणार, जर ईपीडीएमचं (ऊन-पाऊस सोसणारं) जाड रबर आणि खाली उंबऱ्याची पट्टी नीट बसवली नाही तर. एकानेही गुडघ्यावर बसून ती फट मापली नाही. सगळे उभ्याउभ्या लेझरने रुंदी-उंची घेतात आणि निघतात.

स्प्रिंग किती सायकलची, म्हणजे दरवाजा किती वेळा उघडून बंद होईपर्यंत टिकणार, हे विचारलं तर "लाइफटाइम". कुणाचा लाइफटाइम? १०,००० सायकलची स्प्रिंग असेल आणि आमच्याकडे दिवसातून ६ वेळा दरवाजा वरखाली होत असेल तर साडेचार वर्षांत ती संपली. ही टॉर्शन (पीळ दिलेली) स्प्रिंग तुटते तेव्हा केवढा आवाज होतो आणि दरवाज्याचं सगळं वजन कुणाच्या अंगावर येतं? खाली माझ्या दोन ताई बसलेल्या असतात. २५,००० ची टाका, वरचे पैसे देते म्हटलं, तर "तेवढं लागत नाही हो."

आणि मोटर! लाईट गेल्यावर बाहेरून उघडायला, मोटरपासून दरवाजा सुटा करणारं किल्लीचं रिलीज हवं, कारण आमच्या गॅरेजला दुसरं दार नाही, त्यासाठीची आतली लाल दोरी ओढायला आत जाणार कुठून? तर हा म्हणतो, "मॅडम, आजकाल लाईट जाते कुठे." पुण्यात! तेही गुरुवारी, दुरुस्तीसाठी लाईट जायच्या वारी! हे बोलताना समोरच्या माणसाला पुण्यात किती वर्षं झाली असं विचारावंसं वाटलं, पण तोवर माझा आवाज चढला होता आणि सासूबाई वरून खाली डोकावल्या.

मी त्याला मेसेज टाकलाय. पॅनलची जाडी, फोमचा प्रकार आणि डेन्सिटी, पत्र्याची जाडी, बसवलेल्या दरवाज्याची यू व्हॅल्यू टेस्ट रिपोर्टसकट, स्प्रिंगच्या सायकल, खालच्या कोपऱ्याचं रबर कसं बसवणार, बाहेरून किल्लीचं रिलीज. आणि माल आला की एक पॅनल फिटिंगच्या आधी माझ्यासमोर कडेने उघडं दाखवायचं. हे सगळं लेटरहेडवर, सहीसकट. ॲडव्हान्स त्यानंतर, तोही ७० टक्के नाही.

मेसेज वाचलाय. निळ्या खुणा दिसतायत. उत्तर मला आलं नाही, फोन नवऱ्याला गेला: "सर, मॅडमना जरा समजावून सांगा ना." त्याने सांगितलं, ऑर्डर मॅडमच देणार आहेत, त्यांनी विचारलंय ते लिहून पाठवा.