‘फुकटात इंग्रजी येत नाही’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्याकडे गावोगावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो. शब्द थोडेफार बदलतात, सार एकच: खेड्यातल्या, मराठी माध्यमातल्या पोराला फुकटात इंग्रजी येणं शक्य नाही. घरात वातावरण नाही, बोलायला कुणी नाही, ग्रामर कच्चं, आणि मोबाइलवरचं फुकटचं म्हणजे निव्वळ टाइमपास. उपाय काय, तर मराठी डोक्यातून काढा, इंग्रजी पिक्चर पाहा आणि ६० दिवसांचा क्लास लावून फाडफाड बोला. तळाला बहुतेक वेळा क्लासचा नंबर असतोच. नसला तरी आपलेच भाऊ, काका, मास्तर ‘नक्की वाचा’ म्हणून तो पुढे ढकलतात. मग ऐन पेरणीच्या तोंडावर, बी-खताची जुळवाजुळव चालू असताना, घरात अमरावती-नागपूरची रूम, मेस आणि फी यांचा हिशेब सुरू होतो. म्हणून या मेसेजची एकेक ओळ घेऊन बोलू.

‘घरात इंग्रजी वातावरण नाही.’ खरं आहे, नाही. पण वातावरण म्हणजे शेवटी काय? रोज कानावर पडणारी आणि बरीचशी समजणारी भाषा. ती घरातल्या माणसांच्याच तोंडून आली पाहिजे असा काही नियम नाही. बीबीसीने रेडिओवरून इंग्रजी शिकवायला १९४३ मध्ये सुरुवात केली, ती ज्यांच्या घरात इंग्रजी नाही त्यांच्यासाठीच. व्हॉइस ऑफ अमेरिकाने १९५९ मध्ये ‘स्पेशल इंग्लिश’ सुरू केलं: साधारण १५०० शब्दांत बसवलेल्या बातम्या, छोटी वाक्यं, आणि निवेदकाचा वेग मुद्दाम कमी. हे सगळं आता मोबाइलवर आलंय, एवढाच फरक.

बीबीसी लर्निंग इंग्लिशचा ‘सिक्स मिनिट इंग्लिश’ घ्या. दोन निवेदक एका विषयावर सहा मिनिटं गप्पा मारतात, सुरुवातीला एक प्रश्न टाकतात, शेवटी त्याचं उत्तर देतात, मधे काही शब्द उलगडून सांगतात. त्यांचं बोलणं लिहूनही दिलेलं असतं. पोट्टे चुकतात ते इथेच. एक भाग ऐकला, निम्मा डोक्यावरून गेला, की दुसरा लावतात. तसं नको. पहिल्यांदा मजकूर न उघडता ऐका आणि कशाबद्दल चाललंय एवढंच पकडा. मग मजकूर उघडून ऐका आणि कानाने निसटलेल्या जागांखाली पेन्सिल मारा. यातले बरेच शब्द तुम्हाला छापलेले ओळखू येतात, फक्त बोलण्यात ते एकमेकांना चिकटतात म्हणून ऐकू येत नाहीत. तिसऱ्या वेळी प्रत्येक वाक्यानंतर थांबवून ते वाक्य त्याच चालीत मोठ्याने म्हणा. दुसऱ्या दिवशी पुन्हा, मजकुराशिवाय. आठवड्याला एकच भाग, पण तो पाठ झाल्यासारखा. हे जड जात असेल तर ब्रिटिश कौन्सिलच्या ‘लर्न इंग्लिश’ साइटवर पातळीप्रमाणे लावलेला ऑडिओ आहे, अगदी पहिल्या पायरीपासून. तिथून सुरुवात करा.

रेंजचं म्हणाल, तर व्हिडिओच्या मानाने ऑडिओला डेटा किरकोळ लागतो. तालुक्याला गेल्यावर एसटी स्टँडवर आठवड्याचा ऑडिओ उतरवून घेतला तर गावात नेट नसलं तरी अडत नाही.

‘मराठी डोक्यातून काढा.’ मेसेजमधला हा सगळ्यात वाईट सल्ला. खेड्यातल्या पोराकडे इंग्रजी कमी असेल, पण जगाची माहिती कमी नाही, आणि ती सगळी मराठीत, खरं तर वऱ्हाडीत आहे. तीच वापरायची. मुलांची पुस्तकं काढणाऱ्या ‘प्रथम बुक्स’ने २०१५ मध्ये सुरू केलेल्या ‘स्टोरीविव्हर’ या साइटवर हजारो गोष्टी मोफत आहेत, आणि त्यातल्या कित्येक मराठीत आणि इंग्रजीत दोन्हीकडे. गोष्ट आधी मराठीत वाचली की इंग्रजीत पुढे काय येणार ते ठाऊक असतं, मग अडलेला शब्द अंदाजाने लागतो. पेपरचंही तसंच. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये सुरू केलेला ‘द हितवाद’ आपल्या नागपूरचा इंग्रजी पेपर आहे. दिल्ली-वॉशिंग्टनची बातमी सोडा, विदर्भाची बातमी घ्या. सकाळी जी मराठी पेपरात वाचली, तीच तिथे शोधून वाचा.

आणि पेरणीच्या दिवसांत तर इंग्रजीचा धडा रोज आपणहून निघतो. नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा विदर्भाच्या जिल्ह्यांसाठीचा अंदाज इंग्रजीतही येतो. त्याची भाषा मोजकी आणि रोज तीच: ‘लाइट टु मॉडरेट रेन’, ‘थंडरस्टॉर्म विथ लायटनिंग’, ‘हेवी रेन अ‍ॅट आयसोलेटेड प्लेसेस’. ‘आयसोलेटेड’ म्हणजे त्या भागातल्या फार तर पाव ठिकाणी. ‘हेवी’ सुरू होतो २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून. आता ६५ मिलिमीटर म्हणजे काय ते कापूसवाल्याला सांगावं लागत नाही. महसूल मंडळात तेवढा पडला की अतिवृष्टी धरतात आणि तलाठ्याकडे पंचनाम्यासाठी चकरा सुरू होतात. म्हणजे विषय पक्का माहीत, आकडे पाठ, फक्त वाक्य परकं. आठवीतल्या पोरीने ते रोज बापाला इंग्रजीत मोठ्याने वाचून दाखवलं आणि ‘आज आपल्याकडं येते का नाई’ ते वऱ्हाडीत सांगितलं, तर पंधरवड्यात तिला शब्दकोश उघडावा लागणार नाही. तीच गोष्ट बियाण्याच्या पाकिटाची. कपाशीच्या पाकिटावर उगवणशक्ती, शुद्धता, चाचणीची तारीख हे सगळं इंग्रजीत छापलेलं असतं. कृषी केंद्रावर आपण फक्त भाव विचारून ते पिशवीत टाकतो.

‘फुकटचं ते टाइमपास.’ दर्जा फीवरून ठरवायचा, तर बालभारतीची पुस्तकंही टाइमपासच म्हणावी लागतील. ई-बालभारतीवर ती पीडीएफमध्ये फुकट उतरवता येतात. राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. म्हणजे आज बीएच्या पहिल्या वर्षाला असलेल्या पोराने बारा वर्षं इंग्रजी हा विषय घेतलेला असतो. त्याचं अडतं ते पुस्तकाच्या पातळीवर. त्याला खरं झेपतं सहावीचं पुस्तक, पण ते हातात धरायला लाज वाटते, म्हणून तो स्पर्धा परीक्षेचं जाडजूड पुस्तक उघडून बसतो आणि तिसऱ्या पानावर थांबतो. पुस्तक निवडायची साधी कसोटी आहे: शंभर शब्दांच्या परिच्छेदात दोन-तीन शब्द अडले तर पुस्तक तुमच्यासाठी, दहा अडले तर सध्या बाजूला ठेवा. शब्दसंग्रहावर आयुष्यभर काम केलेल्या पॉल नेशन यांचा आग्रह साधारण हाच आहे: नुसत्या वाचनातून शिकायचं, तर १०० पैकी ९८ शब्द आधीच ओळखीचे हवेत.

‘रोज डिक्शनरीतले दहा शब्द पाठ करा’ ही ओळ काही मेसेजमध्ये असते. कुठले दहा? ए अक्षरापासून सुरू केलं तर वर्षभरात ‘सी’ही ओलांडणार नाही. ब्रिटिश राजवटीत ढाक्याला शिक्षण खात्यात असलेले मायकल वेस्ट बंगालातल्या मुलांच्या वाचनाकडे पाहून याच प्रश्नाला भिडले. त्यांची १९५३ ची यादी म्हणजे सर्वांत जास्त वापरातले सुमारे २००० शब्द. आज ऑक्सफर्डची ३००० शब्दांची यादी मोफत मिळते, प्रत्येक शब्दापुढे पातळी लिहिलेली. त्यातले न येणारे तेवढे वहीत उतरवा, प्रत्येकाचं स्वतःच्या घरातलं, शेतातलं एक वाक्य करा. पुरे.

‘आधी ग्रामर पक्कं करा.’ थोडं लागतं, नाही कशाला म्हणू. पण काळाचा तक्ता पाठ म्हणणारी आणि ‘काल तू काय केलं’ विचारल्यावर गप्प बसणारी पोरं प्रत्येक वर्गात आहेत. वाक्यं आधी कानात बसू द्या, मग नियम वाचला की पटकन डोक्यात शिरतो.

‘इंग्रजी पिक्चर पाहा.’ पाहा की, कोण अडवतंय. पण नेशन यांच्याच हिशेबाने बोललेलं इंग्रजी आरामात समजायला सहा-सात हजार शब्दकुळं (एक मूळ शब्द आणि त्याची रूपं मिळून एक कुळ) लागतात. दोन हजारवाल्याने विनासबटायटल पिक्चर पाहिला तर तो मारामारी पाहतो, इंग्रजी नाही.

‘बोलायला कुणी नाही.’ ही अडचण खरी आहे आणि मेसेजमध्ये ती असली तरी तिच्यावरचा इलाज खोटा आहे. चाळीस जणांच्या क्लासमध्ये तासाभरात वाट्याला दीड मिनिटही बोलणं येत नाही, आणि समोरचाही तुमच्याइतकाच अडखळणारा असतो. त्यापेक्षा मोबाइलचा रेकॉर्डर घ्या. आज शेतात काय झालं ते दोन मिनिटं इंग्रजीत बोला, ऐका, जिथे अडलात ते शब्द शोधा, पुन्हा बोला. लहानांसाठी गुगलचं ‘रीड अलाँग’ आहे. पोरगं मोठ्याने वाचतं, अ‍ॅप ऐकतं आणि चुकलेला शब्द पकडतं. मोठ्यांना चॅटजीपीटी किंवा जेमिनायच्या मोफत आवृत्तीशी बोलता येतं. ‘माझं वाक्य सुधार आणि चूक मराठीत समजाव’ एवढं सांगितलं की ते समजावतं. कधीमधी तेही ठोकून देतं, म्हणून शंका आली तर शब्द केंब्रिजच्या ऑनलाइन शब्दकोशात पाहावा. तिथे उच्चारही ऐकता येतो, ब्रिटिश आणि अमेरिकन दोन्ही. उच्चार साहेबासारखाच हवा ही मात्र नसती काळजी आहे. जोसेफ कॉनरॅड पोलंडचे. इंग्रजी विशीनंतर शिकले, त्या भाषेतले मोठे कादंबरीकार झाले, आणि बोलण्यातली पोलिश धाटणी शेवटपर्यंत गेली नाही.

आता ६० दिवस. याला वाद नको, गुणाकार पुरे. इंग्रजीच्या परीक्षा घेणाऱ्या केंब्रिजच्या अंदाजाने पहिली पातळी (ए१) गाठायला मार्गदर्शनाखाली ९० ते १०० तास लागतात, दुसरीपर्यंत १८० ते २००, आणि रोजचं कामकाज बोलून निभावेल अशा तिसरीपर्यंत ३५० ते ४००. रोज एक तास धरला तर ६० दिवसांचे होतात ६० तास. शाळेत काही ना काही शिकलेलं असतं, त्यामुळे पोरगं शून्यावर नसतं हे खरं, पण ‘फाडफाड’ या हिशेबात कुठेच बसत नाही. रोज तासभर, वर्षभर, हा खरा आकडा. तो जाहिरातीत लिहिला तर क्लासला कोण येणार?

फुकटवाल्यांनीही एक गोष्ट झाकू नये. रिचार्ज फुकट नाही. घरात एकच मोबाइल असेल तर तो बापासोबत वावरात जातो, संध्याकाळी आधी भावाच्या हातात पडतो आणि बहिणीची पाळी येते तोवर तिला भाकरी टाकायला उठावं लागतं. ‘यूट्यूबवर सगळं आहे’ म्हणणाऱ्यांना हे घर माहीत नसतं. तिच्यासाठी अर्धा तास ठरवून द्यावा लागतो, तो घरच्यांनीच.

आणि मेसेजच्या बाजूने बोलायचं तर एकच मुद्दा उरतो: फी भरली की पोरगं रोज जातं. हे मला पटतं. पण रोज जायला फीच लागते असं नाही, ठरलेली वेळ आणि वाट पाहणारे चार जण लागतात. बऱ्याच गावांत ग्रामपंचायतीची अभ्यासिका किंवा वाचनालय आहे. संध्याकाळी सात ते आठ, पाच-सहा जण, एक मोबाइल, एक ब्लूटूथ स्पीकर. सोमवारी ‘सिक्स मिनिट’चा नवा भाग ऐकायचा, मंगळवारी मजकूर, बुधवारी वाक्यागणिक थांबवून म्हणायचं, गुरुवारी त्यावर प्रत्येकाने दोन मिनिटं बोलायचं, शुक्रवारी हितवादातली विदर्भाची एक बातमी. शनिवारी ज्याला यादीतले शब्द आले नाहीत, त्याने सगळ्यांना चहा पाजायचा.