जीवा, कंस आणि पडदा

घोडबंदर रोडला फ्लॅट बघायला गेलो तेव्हा हॉलच्या खिडकीवरच आम्ही भाळलो. पाच तावदानांची, धनुष्यासारखी बाहेर फुगलेली, आणि समोर येऊरचा डोंगर. बायको म्हणाली, "राजवाड्यासारखं वाटतंय ना?" राजवाड्यात पडदे लावायला पदरी माणसं असतात, हे तेव्हा दोघांनाही सुचलं नाही.

दुपारी चारला येऊरकडून ऊन आत शिरतं आणि सोफ्यावर ऐसपैस बसतं. तिसऱ्याच दिवशी आईने या खिळ्यापासून त्या खिळ्यापर्यंत नायलॉनची दोरी ताणून सोलापुरी चादर टाकली. चादर आणि काच यांच्यामध्ये जी दोन फुटांची खोली तयार झाली, तिच्यात मुलगी मोबाईल घेऊन राहायला गेली.

मी टेप लावली. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत बरोब्बर दहा फूट. लगेच दहा फुटी रॉड आणला, रिक्षाच्या दोन्ही बाजूंनी बाहेर काढून, कापूरबावडीच्या सिग्नलला लोकांच्या शिव्या खात. मग कापडासाठी जांभळी नाक्याजवळच्या एका दुकानात गेलो.

"खिडकी गोल आहे म्हणता, मग माप सरळ कसं आणलंत?" दुकानदाराने विचारलं.

घरी मुलगी दहावीत. ती चादरीमागूनच म्हणाली, "बाबा, तुम्ही जीवा मोजलीत. कंस मोजायला हवा होता." मग सुतळी खिडकीच्या पोटाला चिकटवत नेली आणि नंतर टेपवर धरली. अकरा फूट! चुण्यांसाठी कापड दुप्पट, म्हणजे बावीस फूट. शेवटी कंसच तो, नात्यागोत्याची पर्वा करणार थोडाच!

शेजारच्या काकूंनी रोमन ब्लाइंड, म्हणजे घड्या पडत वर जाणारे सपाट पडदे, सुचवले, प्रत्येक तावदानाला एक. दुकानदाराने दोन वह्या कोनात धरून दाखवल्या: भिंतीवरून लावले तर जोडाशी ब्लाइंडच्या कडा एकमेकींवर आपटणार. चौकटीच्या आत लावावेत, तर आमच्या सरकत्या काचांनी तिथे बोटभरही जागा ठेवलेली नाही. वाकवलेला रॉड आणि रिंगांचा पडदा? रॉड गोल म्हटल्यावर मध्ये ब्रॅकेट लागणार, आणि रिंग ब्रॅकेटपाशी येऊन थांबणार. कापूरबावडीला मी थांबतो तशीच, फक्त तिचा सिग्नल कधीच सुटणार नाही.

शेवटी छताला ठोकायचा, वळण दिलेला ट्रॅक ठरला. त्याचे ब्रॅकेट वरच्या अंगाला आणि चाकं खालच्या खाचेत, त्यामुळे पडदा या टोकापासून त्या टोकापर्यंत विनाथांबा. फक्त वळणाचा साचा आपण द्यायचा. मी जमिनीवर वर्तमानपत्रं चिकटवली, खिडकीच्या कडेने पेन्सिल फिरवली, कात्री चालवली आणि साचा गुंडाळून देऊन आलो. काम फत्ते झालं म्हणून चहा मागितला, तेवढ्यात आई म्हणाली, "आजचा पेपर कुठाय? माझं शब्दकोडं अर्धं राहिलंय."

पुढचे आठ दिवस घरात पडद्याचा रंग हा विषय मागे पडला. आई रोज विचारायची, "ट्रॅक आला का?" तिचा इंटिरियरमधला हा रस बघून बायको हरखली होती.

ट्रॅक आला. छताला भोकं पडली, पडदा चढला, सुळ्ळकन फिरलाही. आईने मान वर करून बघितलं नाही. ती परत आलेला साचा उलगडत होती. कारखान्यातल्या कुणीतरी निळ्या पेनाने आडवा सात भरून पाठवला होता.

"बरोबर आहे का?" मी विचारलं.

"आहे," आई म्हणाली, "पण वेलांटी पहिली काढलीय."