पंचबोलला गेलो आणि डीजे ऐकून आलो

रविवारी चिखलदऱ्याला जाऊन आलो, आज बुधवार आहे आणि अजून डोकं तापलेलंच आहे. पहाटे साडेचारला नागपूर सोडलं, अमरावती, परतवाडा, मग घाट, सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास, कशासाठी तर पोरीला पंचबोल पॉइंट दाखवायचा होता. माझे बाबा तरुणपणी एसटीने गेले होते तिथे, तेव्हापासून सांगतात की दरीच्या काठावरून आवाज दिला की समोरचे डोंगर तो परत परत देतात, म्हणून तर नाव पंचबोल. पोरगी रस्ताभर ठरवून राहिली होती काय ओरडायचं, शेवटी स्वतःचंच नाव ओरडायचं ठरलं.

तिथे पोचलो तर एक गाडी डिक्की उघडून दरीकडे तोंड करून उभी, आत हा एवढा मोठा स्पीकर आणि वरातीत वाजतं तसं धाडधाड चालू. सात-आठ पोट्टे नाचून राहिले. बाजूच्या गाडीवाल्याने त्याच्यावर कडी म्हणून आपलं वेगळंच लावलं. पोरगी ओरडली, एकदा, दोनदा, मग घसा ताणून, काही नाही. बाबा कानामागे हात धरून उभे होते, ७१ वर्षांचा माणूस, गुडघे धरून तिथवर चालत आलेला.

मी जाऊन नीट बोललो, भाऊ फक्त दोन मिनिटं बंद करा, पोरीला प्रतिध्वनी ऐकायचा आहे. तर म्हणतो कसा, काका आम्ही एन्जॉय करायला आलो, शांतता पाहिजे तर घरी बसायचं ना! अरे माझ्या घरामागे लग्नाचा लॉन आहे, सीझनभर रात्री तेच धाडधाड ऐकतो मी, त्यातून एक दिवस सुटायला तर जंगलात आलो ना बाप्पा! सगळ्या विदर्भात थंड हवेचं म्हणावं असं हे एकच ठिकाण, अकराशे मीटरवर, आणि तिथेही तुम्ही लॉनच आणून ठेवला.

आणि खाली जे दिसतं ते मेळघाट आहे. देशातले पहिले ९ व्याघ्र प्रकल्प निवडले त्यातला एक. वाघ आहे, अस्वल आहे, रानगवे आहेत. जो रानपिंगळा संपला असं समजून बसले होते आणि १९९७ साली नंदुरबारकडे परत सापडला, तो या मेळघाटात राहतो, आणि तो घुबड असून दिवसाढवळ्या फिरतो, दिवसा हाक देतो. त्याची हाक त्याच्या जोडीदाराला कशी ऐकू जाणार, माझ्या पोरीची तिला स्वतःला नाही आली!

बाटल्यांचं तर बोलायलाच नको. काठावर काचांचा सडा, भुट्टे विकणारी एक कोरकू बाई आपला धंदा सोडून यांच्या कागदी प्लेटा गोळा करत होती आणि एकालाही लाज वाटली नाही. उतरताना घाटात पुन्हा तेच, ऐन वळणावर गाडी थांबवून वानरांना चिप्स, मागे रांग लागलेली, पिलं पोटाशी धरून माद्या चाकांच्या मधून पळतात, उद्या एखादी चिरडली तर तीच माणसं म्हणतील वानर मधे आलं. काऊन देता रे त्यांना ते? जंगलात खायला नाही का त्यांना?

परतवाडा येईपर्यंत गाडीत कोणी बोललं नाही. मग पोरीने विचारलं, आजोबा तुम्ही तेव्हा काय ओरडला होता, तर बाबा म्हणे तुझ्या आजीचं नाव. आई जाऊन चार वर्षं झाली. ते पुन्हा ऐकायला आले होते हे मला तेव्हा कळलं.

आता दिवाळीनंतर मंगळवारी नाहीतर बुधवारी जाणार, शाळा बुडाली तर बुडाली, आणि उजाडायच्या आत काठावर पोचायचं, हे पोट्टे झोपून उठायच्या आधी.