पातेरा जाळू नका

आज सकाळी सात वाजता चहाचा पेला हातात घेऊन परसात उभा होतो, तेवढ्यात शेजारून धूर आला. काकींचे अंगण झाडायला येणाऱ्या माणसाने महिनाभराचा पातेरा, म्हणजे गळालेली सुकी पाने, आंब्याच्या बुंध्याजवळ गोळा करून पेटवून दिला होता, आणि वर तो मानकुराद, आपला गोव्याचा आंबा, मोहोराने भरलेला होता. मी ओरडलो, बादली घेऊन धावलो, ढीग विझवला. पण खालच्या दोन फांद्यांवरचे तुरे तोवर करपून काळे पडले होते. तो माणूस माझ्याकडे आश्चर्याने पाहत राहिला. ‘कचराच तर जाळला’, असे तो म्हणाला. दिवसभर ते वाक्य डोक्यातून जात नाही, म्हणून हे लिहीत आहे.

मित्रहो, आपल्याकडे वसंताची पहिली खूण गळणारे पान हीच असते. माघ सरत आला की फणस, आंबा, काजू सगळेच पाने टाकू लागतात, चाफा पूर्ण उघडा होतो आणि त्या उघड्या फांद्यांच्या टोकांना फुले धरतात. आमच्या परसात सध्या रातांब्याला (कोकमाच्या झाडाला) तांबडी कोवळी पालवी फुटली आहे, फणसाच्या खोडावर अंगठ्याएवढे कोवळे फणस दिसू लागले आहेत आणि दुपारभर तांबट पक्ष्याचे टुक-टुक थांबत नाही. संक्रांतीनंतर मी मोगरी, म्हणजे मोगऱ्याचे झुडूप, छाटली, उरलेली पाने हातांनी खुडली, काही दिवस पाणी तोडले आणि मग शेणखत घालून पुन्हा पाणी सोडले. आज पाहिले, तर प्रत्येक छाटलेल्या टोकाखाली तांदळाच्या कणीएवढे दोन-दोन तांबूस कोंब आले आहेत. तिच्या बुंध्याशी घातलेला पातेरा हळूच उचलून पाहिला. वरची पाने पापडासारखी कुरकुरीत होती, त्याखालची ओलसर होती आणि सर्वांत खालची पांढऱ्या बुरशीच्या धाग्यांनी एकमेकांना चिकटलेली होती. नोव्हेंबरपासून पावसाचा थेंब नाही, तरी तिथे मातीला वास येत होता.

मी हे इतक्या पोटतिडकीने सांगतो, कारण हीच चूक मी स्वतः केली आहे. तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो. आई शिगम्यासाठी, म्हणजे होळीच्या सणासाठी, दोन दिवस माहेरी गेली होती आणि ती परत येईपर्यंत परस आरशासारखा लख्ख करून ठेवायचा, असे मी मनाशी ठरवले. पानन् पान झाडून काढले, आंब्याखाली ढीग केला आणि काडी लावली. स्वयंपाकघराच्या बाजूचा सगळा मोहोर गेला. आई आली, अंगणात उभी राहिली, वर पाहिले. मला ती एक शब्दही बोलली नाही. पदर खोचून तिने राख सुपात भरली आणि माडांच्या अळ्यांत नेऊन टाकली.

कचरा म्हणे! झाडाने वर्षभर जमिनीतून जे घेतले, ते पानातून परत दिले, त्याला कचरा म्हणायचे? आपली जमीन जांभ्याची. पावसाळ्यात सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस तिच्यावर कोसळतो आणि तिच्यातला कस धुऊन नेतो. तो कस भरून काढणारी फुकटची गोष्ट दारात पडते, ती आपण जाळतो आणि मग दुकानातून खताची पिशवी विकत आणतो. राखेत पालाश उरते हे खरे, पण नत्र धुराबरोबर निघून जाते. उघड्यावर कचरा जाळण्यावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ साली देशभर बंदी घातली, दंडही ठरवला; पण दंडाच्या भीतीने कोणी पातेरा राखावा, असे मला वाटत नाही. मानकुरादला २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा आपण सर्वांनी अभिमानाने बातम्या पुढे पाठवल्या होत्या. त्या मानकुरादच्या एका तुऱ्यात शेकडो फुले असतात, त्यांतली बहुतेक नर असतात, आणि शेवटी एखाददुसरा आंबा हाती लागतो. परागीभवन करतात त्या बारीक माश्या, ज्यांतल्या काही कुजणाऱ्या पाल्यातच वाढतात. बुंध्याशी आग लावणाऱ्याला यातले काहीही दिसत नाही, याचा मला संताप येतो.

पातेऱ्यात फुरशासारखा विषारी साप दडतो, हे मला मान्य आहे. लहान मुले असलेल्या घराने उंबऱ्याजवळ तो साचू देऊ नये. मोहोरावरच्या तुडतुड्यांसाठी जुनी माणसे झाडाखाली धूर करत, हेही खरे. पण तो दुरून दिलेला मंद धूर असे, ज्वाळा नव्हे.

आमच्या आंब्याची ती बाजू पुढची दोन वर्षे मोहोरली नाही. आई दर फाल्गुनात सकाळी उठून सर्वांत आधी त्याच फांदीकडे पाहायची आणि मी न पाहिल्यासारखे करून विहिरीकडे जायचो. तिसऱ्या वर्षी तिथे एकच तुरा आला. तो तिने मला हाताला धरून नेऊन दाखवला. आजही तांबड्या हुमल्यांचे, म्हणजे झाडावरच्या मुंग्यांचे, घरटे त्याच फांदीवर असते.

सकाळी मी त्या माणसावर फार चढ्या आवाजात ओरडलो, याचे आता वाईट वाटते आहे. त्याला जे काम सांगितले, ते त्याने केले. काकींचे गुडघे दुखतात, त्या घरात एकट्या असतात, आणि वाकून पाने गोळा करणे त्यांना जमत नाही, हे मला ठाऊक असूनही मी इतक्या वर्षांत कधी विचारायला गेलो नव्हतो. संध्याकाळी गेलो. करपलेला तुरा त्यांनी खिडकीत आणून ठेवला होता. यापुढे पातेरा माझ्यासाठी ठेवा, मी दर रविवारी येऊन नेईन, असे म्हणालो, तर त्या म्हणाल्या, ‘व्हर बाबा, सगळोच व्हर’, म्हणजे सगळाच घेऊन जा.

पाच पोती भरून आणली आहेत. तोंडे उघडी ठेवून ती अंगणात मांडली आहेत, म्हणजे रात्रीच्या दवाने वरचा पाला थोडा नरम होईल. उद्या उन्हे चढण्याआधी दोन पोती माडांच्या अळ्यांत, दोन आंब्याला, आणि एक मोगरीच्या कोंबांना न दुखावता तिच्या बुंध्याशी घालायचे आहे.